व्हॉट्सॲप: माईकच्या बटणाला पाच स्टार, बाकीच्याला अडीच

व्हॉट्सॲपचा रिव्ह्यू काय लिहायचा, सगळ्यांच्याच फोनमधे आहे, असं कोणीतरी म्हणणारच. पण म्हणूनच लिहायला घेतलाय, कारण प्रत्येक घरात अधूनमधून विषय निघतोच की हे सोडून दुसरं काहीतरी घेऊया, आणि मग दुसरं काय ह्यावर चहा संपेपर्यंत चर्चा होऊन सगळे परत तिथेच गुड मॉर्निंग टाकायला जातात. आमचं खटलं पसरलेलं आहे, आते कुडाळजवळच्या वाडीत, मी डोंबिवलीला, दादा अबूधाबीत, त्याची मुलगी जर्मनीत शिकतेय, चुलत मंडळी म्हापशाला आणि पर्वरीला. एवढ्या लोकांना एकमेकांशी बोलतं ठेवायला हे ॲप कसं आहे, तेवढ्याच नजरेने लिहितेय. बिझनेस अकाउंट, पेमेंट, चॅनल ह्यातलं मी काही सांगणार नाही, त्यातलं मला कळतही नाही आणि घेणंदेणंही नाही.

मत आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. लांबच्या माणसाशी नातं टिकवायला ह्या ॲपमधे खरी कामाची गोष्ट एकच आहे, व्हॉइस मेसेज. ग्रूप नाही, स्टेटस तर नाहीच नाही, व्हिडिओ कॉलसुद्धा दुसऱ्या नंबरला.

आता ह्याचं कारण. आते टाइप करत नाही. तिला लिहिता-वाचता उत्तम येतं, पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, पण फोनवर ती बारकी बारकी अक्षरं शोधत जोडाक्षर करायचं म्हणजे तिच्या भाषेत "शिक्षा". शिवाय ती बोलते मालवणी आणि टाइप करायची वेळ आली की शाळेतल्या पत्रासारखं प्रमाण मराठी लिहायला जाते, मग दोन ओळींत सगळं संपतं, "मी मजेत आहे, तुम्ही कसे आहात". तीच आते माईकचं बटण दाबलं की "काय गो, जेवलंस मा?" पासून जी सुरू होते ती व्हाळाक पाणी इलां, सोलां सुकत घातलंय, अमक्याच्या सुनेला मुलगी झाली, लाइट परत गेली, असं करत करत एकदम कुणाला तरी हाक मारते आणि मेसेज तिथेच तुटतो. मागे कोंबड्या, पाऊस पत्र्यावर, कधी कुणाचातरी टीव्ही. हे सगळं आपल्याला फुकटात मिळतं. आवाजावरनं कळतं तिला सर्दी झालीय की नाही, कुणावर चिडलीय का, झोप झालीय का, हे "मी मजेत आहे" मधनं जन्मात कळलं नसतं.

ही सोय व्हॉट्सॲपमधे २०१३ पासून आहे पण सुरुवातीला बटण दाबूनच धरावं लागायचं, अंगठा सुटला की मेसेज गेला, त्यामुळे म्हातारी माणसं घाबरायची. आता बटण दाबून बोट वर सरकवलं की कुलूप लागतं आणि मग फोन टेबलावर ठेवून निवांत बोलता येतं. मधे थांबवता येतं, पाठवायच्या आधी स्वतःचं ऐकून बघता येतं, नको असेल तर डस्टबिन दाबायचं. २०२१ मधे वेग वाढवून ऐकायची सोय आली, दीडपट आणि दुप्पट. ही चुलतभावाची सगळ्यात आवडती सोय आहे, पण माझं म्हणणं आतेचे मेसेज कृपया साध्या वेगानेच ऐकावेत, दीडपटीवर ती डोंबिवलीची वाटायला लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. अबूधाबी आपल्यापेक्षा दीड तास मागे, जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. ऐकायला फार वाटत नाही पण दादाची शिफ्ट, भाचीचे लेक्चर, आते रात्री साडेआठला जेवून आडवी, ह्यात सगळ्यांना एकाच वेळी मोकळं गाठायचं म्हणजे मुहूर्तच काढावा लागतो. व्हॉइस मेसेजला मुहूर्त लागत नाही. भाची ट्रेनमधे बसल्या बसल्या बोलून ठेवते, आते सकाळी चुलीपाशी ऐकते, आणि उत्तर देते तेव्हा भाची तिकडे झोपलेली असते.

आणि तिसरी गोष्ट, जी आखातात माणूस असलेल्या घरांनाच माहीत असते. यूएईत व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही. ऑडिओ पण नाही, व्हिडिओ पण नाही. ॲप बिघडलेलं नसतं, तिथल्या टेलिकॉम नियमांमुळे इंटरनेटवरचे कॉल ठरावीक परवानगी असलेल्या ॲपवरूनच करता येतात, बोटीम, झूम, गूगल मीट वगैरे. आयफोनचं फेसटाइमसुद्धा तिथे चालत नाही. पण व्हॉट्सॲपचे मेसेज चालतात, फोटो चालतात आणि व्हॉइस मेसेजही चालतात! त्यामुळे कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांमधे नवराबायकोचं, आईमुलाचं बोलणं अर्धा-अर्धा मिनिटाच्या तुकड्यांमधे चाललेलं असतं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकून मग बोलायचं. दादाचं आणि वहिनीचं कधीकधी असंच तासभर भांडण चालतं आणि ते बघायला फार मजा येते कारण दोघांनाही दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यावंच लागतं, मधे तोडताच येत नाही. आमने-सामने असताना हे त्यांना कधी जमलेलं मी बघितलेलं नाही.

रेंजचं पण सांगायला हवं. वाडीत एका कोपऱ्यात, तुळशीपाशी, दोन काड्या येतात आणि पडवीत एक. व्हिडिओ कॉलचा तिथे चिखल होतो. व्हॉइस मेसेजची फाइल मात्र अगदी बारकी असते, रेंज नसेल तर घड्याळाचं चिन्ह दाखवून थांबते आणि आते कोंबड्यांना दाणे टाकायला तुळशीपाशी गेली की आपोआप जाते. तिला त्यात काही करावं लागत नाही हे महत्त्वाचं. म्हाताऱ्या माणसाला "परत पाठवा" असं सांगावं लागलं की तिथेच ते ॲप मेलं समजायचं.

एक छोटी गंमत. निळ्या टिका आल्या २०१४ मधे, आणि त्या सेटिंगमधे जाऊन बंद करता येतात हे सगळ्यांना माहीत आहे, दादाने तर केव्हाच बंद केल्यात. पण तरीही व्हॉइस मेसेज ऐकला की माईकचं चिन्ह निळं होतंच, ते बंद होत नाही, आणि ग्रूपमधल्या वाचल्याच्या टिका पण बंद होत नाहीत. हे आतेला मी सांगितल्यापासून ती दादाशी फक्त व्हॉइसवरच बोलते. "निळो झालो, ऐकलंस, आता बोल."

तोटे आहेत. ऑफिसात ऐकता येत नाही. हेडफोन नसेल तर फोन कानाला लावावा लागतो, तसा लावला की आवाज आपोआप कानातल्या स्पीकरवर जातो हे कितीतरी लोकांना माहीतच नाही आणि ते लोकलमधे अख्ख्या डब्याला आपल्या सासूचं ऐकवतात. आणि शोधता येत नाही, हा खरा मोठा तोटा. आतेने कुळथाच्या पिठीचं प्रमाण कुठल्या मेसेजमधे सांगितलं होतं हे शोधायला वर वर वर जात राहायचं. बोललेलं लिहून देणारी सोय २०२४ च्या शेवटी जाहीर झाली, पण मोजक्या भाषांपुरती सुरू झाली, आमच्या मालवणीचा नंबर कधी लागेल ते आमच्या वेतोबालाच ठाऊक. मी त्यावर उपाय म्हणून कामाच्या मेसेजला स्टार मारून ठेवते, तेवढं चालतं.

व्हिडिओ कॉल २०१६ च्या नोव्हेंबरमधे आला, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झालं होतं आणि डेटा एकदम मातीमोल झाला, नाहीतर व्हिडिओ कॉलचं आमच्याकडे कोणी नाव काढलं नसतं. लॉकडाऊनमधे, २०२० च्या एप्रिलमधे, चारऐवजी आठजण एका कॉलवर यायला लागले आणि नंतर बत्तीस. बत्तीसजणांचा कॉल कोणी करू नये. आठजणांचाच कॉल म्हणजे सहाजण "आवाज येतोय का" विचारतात, एकाचं कपाळ दिसतं आणि एकजण आपला फोन खिशात ठेवून जेवायला गेलेला असतो. गणपतीत मात्र त्याला पर्याय नाही. सुट्टी न मिळालेल्यांसाठी वाडीतला गणपती लाइव्ह, हे आता प्रत्येक कोकणी घरात झालंय. त्यात एक टिप, व्हिडिओ कॉलवर एकत्र आरती म्हणायचा प्रयत्न करू नका, प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो त्यामुळे टाळ एकीकडे, ओळ दुसरीकडे आणि जर्मनी तिसऱ्याच कडव्यावर. गाभाऱ्यातला एकच फोन चालू ठेवायचा, बाकी सगळ्यांनी म्यूट करून आपापल्या घरात जोरात म्हणायची.

आता ग्रूप. इथे माझे स्टार कापले जातात.

एका ग्रूपमधे १०२४ लोक मावतात म्हणे. आमच्या कुळाच्या ग्रूपमधे त्याच्या एक दशांश असतील तरी रोज सकाळी फुलं, सूर्य, सुविचार, आणि दुपारी कुठल्यातरी पाल्याने साखर बरी होते. हा वैताग सगळ्यांचाच आहे त्यामुळे तो उगाळत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ग्रूपवर बातमी टाकली की टाकणाऱ्याला वाटतं मी सगळ्यांना सांगितलं, आणि वाचणाऱ्याला वाटतं हे मला थोडीच सांगितलंय. मामांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ग्रूपवर तीसेक हात जोडलेले आले, फोन मात्र दोनच लोकांनी केला. पूर्वी हीच बातमी कळवायला एकजण पिवळ्या बोर्डाच्या एसटीडी बूथवर पैसे मोजून चार ठिकाणी फोन लावायचा, मग ते चारजण आपणहून पुढे कळवायचे. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी काम यायचं. आता अंगठा दाखवला की कर्तव्य संपलं. वाढदिवसाचंही तेच, पहिल्याने केकचं चित्र टाकलं की मागून मेंढरं.

आणि फॉरवर्डबद्दल बोलताना हसून सोडून देता येत नाही, निदान महाराष्ट्रात तरी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं, पोरं पळवणारी टोळी आलीय अशा अफवेवरनं, आणि त्या अफवा फिरत होत्या त्या असल्याच फॉरवर्डमधनं. त्याच महिन्यात भारतात एकावेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, पुढच्या वर्षी ती जगभर लागू केली, आणि २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज, ज्यावर दोन बाण दिसतात, एकावेळी एकाच चॅटला पाठवता येतो. माझ्या मते ह्या ॲपने केलेल्या बदलांमधला हा सगळ्यात शहाणा बदल, आणि तो किती माणसं गेल्यावर झाला हेही विसरू नये. आमच्या काकांना हा "त्रास" वाटतो, ते मग मेसेज कॉपी करून परत चिकटवतात. काकांपुढे टेक्नॉलॉजी हरते.

ज्यांना ॲडमिन व्हायची भीती वाटते त्यांच्यासाठी, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मधे म्हटलंय की मेंबरने काहीबाही टाकलं म्हणून नुसता ॲडमिन आहे एवढ्यावरून ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे बिनधास्त व्हा आणि "फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकतात" हे सेटिंग चालू करा. आम्ही लग्नाच्या, श्राद्धाच्या, गणपतीच्या तारखांसाठी असा एक मुका ग्रूप केलाय, त्यात वर्षभरात जेमतेम स्क्रीनभर मेसेज असतात आणि तोच सगळेजण वाचतात. गप्पांच्या ग्रूपमधनं ज्याला जायचंय त्याने जावं, २०२२ पासून बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनलाच जाते, पूर्वीसारखी "अमुक लेफ्ट" अशी दवंडी सगळीकडे पिटली जात नाही.

मग दुसरं ॲप का नाही, हा प्रश्न. आम्ही बाकीची पण वापरून बघितलीत, थोडक्यात सांगते. सिग्नल मला मनापासून आवडतं. ना नफा संस्था चालवते, जाहिराती नाहीत, आणि गंमत म्हणजे २०१८ मधे ह्या संस्थेला सुरुवातीचे पाच कोटी डॉलर देणारा ब्रायन ॲक्टन हाच व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक. व्हॉट्सॲपमधे २०१६ पासून जे कुलूपबंद मेसेज आहेत (एंड टू एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा ह्यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नाहीत) त्याची पद्धतही सिग्नलवाल्यांचीच. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या प्रायव्हसी पॉलिसीवरनं गदारोळ झाला तेव्हा भाचीने आम्हा सगळ्यांना तिकडे नेलं. आम्ही सगळे गेलो, आते सोडून. आणि आते नाही म्हटल्यावर तिथे बोलायचं काय? हळूहळू सगळे माघारी. आता सिग्नलवर मी आणि भाची दोघीच, तिथे आम्ही घरच्यांबद्दल बोलतो.

टेलिग्राम मोठ्या फायली आणि मोठ्या ग्रूपसाठी उत्तम, दोन लाख लोक मावतात, पण त्याच्या साध्या चॅटना दोन्ही टोकांचं कुलूप नसतं, त्यासाठी वेगळी सीक्रेट चॅट उघडावी लागते, हे बहुतेकांना माहीत नसतं आणि त्याच्या उलटच समजूत असते. अराताई, चेन्नईच्या झोहोचं, २०२५ च्या सप्टेंबरात एकदम सगळ्यांनी उतरवलं, आपलं देशी म्हणून मीही उतरवलं, दिसायला सुटसुटीत आहे, पण तिथेही आते नाही. स्काइपवर दादा गेला तेव्हा सुरुवातीची वर्षं काढली, ते तर मे २०२५ मधे मायक्रोसॉफ्टने बंदच करून टाकलं. त्याच्याआधी ऑर्कुट २०१४ मधे गेलं, याहू मेसेंजर २०१८ मधे. माणसं कुठल्या ॲपवर राहतात ते ॲप किती चांगलं ह्यावर ठरत नाही, घरातलं सगळ्यात न हलणारं माणूस कुठे आहे ह्यावर ठरतं.

खाजगीपणाचं विचाराल तर मेसेजमधला मजकूर कंपनीला वाचता येत नाही, पण कोण कुणाशी कधी बोलतं ही माहिती ही वेगळी गोष्ट, तिला ते कुलूप नाही. त्या २०२१ च्या पॉलिसीवरनं भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मधे मेटाला, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३ कोटींचा दंड लावला होता. २०२५ मधे अपडेट्सच्या टॅबमधे जाहिराती येणार असं जाहीर झालं, आणि तो एआयचा निळा गोल कोणी मागितला नव्हता तरी बसलाय. आते त्याला "टिकली" म्हणते आणि चुकून दाबला की त्याच्याशी पण जेवलंस मा करते.

घरातल्या वयस्क माणसाला फोन लावून देणार असाल तर चार सेटिंग तुम्हीच बसून करून द्या, नुसतं सांगू नका. अनोळखी नंबरचे कॉल गप्प करायचं सेटिंग चालू, कारण पोलिसाचा ड्रेस घालून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटक" करणारे भामटे असेच येतात आणि असली अटक कायद्यात नाहीच. ग्रूपमधे कोण ॲड करू शकतं तिथे फक्त कॉन्टॅक्ट. टू स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावायचा आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी लिहून ठेवायचा. फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद, नाहीतर सुविचारांनी फोन भरतो आणि मग "फोन स्लो झालाय, नवीन घेऊया का" सुरू होतं. एसेमेसवर आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही, हे एवढं मात्र रोज सांगायचं.

स्टार: व्हॉइस मेसेज पाच, व्हिडिओ कॉल साडेतीन, मुका ग्रूप चार, बोलका ग्रूप एक, स्टेटसला शून्य देता येत नाही म्हणून अर्धा.

आणि ज्यांच्याकडे घरातल्या मोठ्यांचे असे व्हॉइस मेसेज साठलेत त्यांनी ते बाहेर काढून ठेवा, बॅकअपच्या भरवशावर राहू नका. अँड्रॉइडवर गूगलचा बॅकअप आता फुकटच्या १५ जीबीतनंच कापला जातो, तो भरला की बॅकअप थांबतो आणि कोणी ती सूचना वाचत नाही. बॅकअपला पासवर्डचं कुलूप लावलं असेल आणि पासवर्ड विसरलात तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही. त्यापेक्षा फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा, अँड्रॉइड, मग मीडिया, त्यात व्हॉट्सॲपच्या फोल्डरात व्हॉइस नोट्स असं फोल्डर असतं, आत आठवड्यावार ढीग लावलेले असतात, ओपस नावाच्या फायली, त्या उचलून हार्ड डिस्कवर टाकायच्या, व्हीएलसी प्लेअरवर वाजतात. कोण बोलतंय ते मात्र फायलीच्या नावावरनं कळत नाही, तारीख तेवढी कळते, त्यामुळे एकेक वाजवून बघायला लागतं. आयफोनवाल्यांनी त्या माणसाच्या चॅटमधे जाऊन एक्सपोर्ट चॅट करायचं आणि मीडियासकट निवडायचं, झिप फाइल मिळते, ती आमच्या भाचीच्या मते जास्त सोपी पद्धत आहे.